मुसीकाठचे हायकोर्ट आणि तीन अपिले : सामूहिक खुनाचा हिशेब कायदा कसा मांडतो

उस्मानिया दवाखान्यासमोर, मुसीच्या पलीकडच्या काठावर उभी असलेली हायकोर्टाची तांबडी इमारत हैदराबादकरांना नवी नाही. १९२० साली ती वापरात आली. १९५० ते १९५४ या चार-पाच वर्षांत या इमारतीतून खुनाची तीन प्रकरणे दिल्लीच्या सर्वोच्च न्यायालयात गेली. तिन्ही खेड्यांतली होती, तिन्हींत मारणारे अनेक होते आणि तिन्हींत फाशीची शिक्षा झालेली होती. एक वरंगळकडचे, दुसरे नलगोंड्याचे आणि तिसरे नावांवरून तरी मराठी मुलखातले वाटावे असे.

या तिन्हींचा शेवट वेगवेगळा झाला. एकात साक्षीदार बोलावला नाही म्हणून शिक्षा रद्द झाली. एकात तारीख आडवी आली आणि अपीलच ऐकले गेले नाही. एकात आरोपपत्रात एक कलम लिहायचे राहिले होते, आणि त्यामुळे कोणाचा घाव कोणता हे मोजावे लागले. आपल्या भागाच्या इतिहासात रझाकार, दलम, देशमुख, पोलीस अ‍ॅक्शन यांवर पुष्कळ बोलले जाते. त्या रक्तपाताचे पुढे अदालतीत काय झाले, यावर मात्र कमी. या लेखात तेवढेच समजून घ्यायचे आहे.

सूडाची साखळी

पार्श्वभूमी थोडक्यात. ४ जुलै १९४६ रोजी कडवेंडी गावात विसनूरच्या देशमुखाच्या माणसांनी मोर्चावर गोळीबार केला आणि दोड्डी कोमरय्या मारला गेला. तेलंगणातल्या सशस्त्र लढ्याची सुरुवात या घटनेपासून मानतात. त्यानंतर गावोगाव एकाचा बदला दुसरा घेऊ लागला. रझाकार आणि निजामाचे पोलीस गावात शिरत, घरे जाळत, गोळ्या घालत. रात्री दलम येई आणि ज्यांनी खबर दिली असा संशय असे त्यांना उचलून नेई. मराठवाड्यातही रझाकारांचे हल्ले झाले आणि सप्टेंबर १९४८ च्या पोलीस अ‍ॅक्शननंतर उलट दिशेने सूड उगवला गेला. उस्मानाबाद, नांदेड, बीदर, गुलबर्गा या जिल्ह्यांत निरपराध मुसलमान मोठ्या संख्येने मारले गेले. सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने त्याची नोंद केली आहे.

सूडाचा एक नियम असतो. तो माणूस मोजत नाही, बाजू मोजतो. ‘त्यांनी आमचे मारले, आम्ही त्यांचे मारू.’ फौजदारी कायदा नेमका उलटा चालतो. तो विचारतो, ‘ते’ म्हणजे कोण? यातल्या प्रत्येकाने काय केले? आणि ते कोणी पाहिले?

जमावातल्या एकेकाची जबाबदारी

वीस माणसे बंदुका घेऊन गावात शिरली. पाच गोळ्या सुटल्या, दोन माणसे मेली. कोणाची गोळी कोणाला लागली हे अंधारात कोणाला सांगता येणार? म्हणून कायद्याने दोन वाटा ठेवल्या. जुन्या दंडसंहितेतले कलम ३४ म्हणजे समान इरादा, आणि कलम १४९ म्हणजे बेकायदा जमावाचे सामायिक उद्दिष्ट. कलम १४९ साठी निदान पाच माणसे लागतात. कलम ३४ ला दोन पुरतात, पण त्यांच्यात आधी काही तरी ठरलेले असले पाहिजे. तो बेत जागेवर, क्षणभरात ठरलेला असला तरी चालतो, पण ठरलेला हवा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. तिच्यात हीच तत्त्वे ३(५) आणि १९० या क्रमांकांनी आली आहेत, आणि खुनाचे ३०२ आता १०३ झाले आहे.

यात एक बारीक पण जीवनमरणाचा फरक आहे. दोघांच्या मनात एकाच वेळी सारखाच हेतू असणे वेगळे आणि दोघांचा मिळून एक हेतू असणे वेगळे. हा फरक ठसला तो सिंधू नदीकाठच्या एका गोळीबारातून. ऑगस्ट १९४३ मध्ये नदीकाठी बोरू तोडून नेण्यावरून भांडण झाले. वली शाहच्या गोळीने एकजण ठार झाला, महबूब शाहच्या गोळीने दुसरा जखमी. वली शाह पळून गेला आणि महबूब शाहला फाशी झाली. लाहोर हायकोर्टाने ती कायम केली. १९४५ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने ती शिक्षा रद्द केली. दोघेही आपल्या माणसाला सोडवायला धावले असतील, पण मिळून ठार मारायचे ठरले होते याचा पुरावा नव्हता. मारणारा हाती लागला नाही म्हणून शेजारी उभ्या असलेल्याला त्याच्या जागी लटकवता येत नाही, असा या निकालाचा साधा अर्थ.

एवढे लक्षात ठेवून आता आपली तीन प्रकरणे पाहू.

पहिले : गुर्तूर, ९ डिसेंबर १९४७

वरंगळ सुभ्याचा सुभेदार हबीब मोहम्मद हा निजाम सरकारचा बडा अधिकारी. ९ डिसेंबर १९४७ रोजी पोलिसांसह तो गुर्तूर गावात गेला, त्याच्या हुकमावरून घरे पेटवली गेली आणि गोळीबारात माणसे मेली, असा फिर्याद पक्षाचा आरोप होता. म्हणजे त्याने स्वतः गोळी झाडली असे नव्हे. हुकूम दिला की नाही, हाच सगळा प्रश्न. विशेष न्यायाधीशाने त्याला फाशी दिली. हायकोर्टात दोन न्यायमूर्तींचे मत फुटले. एकाला शिक्षा योग्य वाटली, दुसऱ्याला आरोपी सुटायला हवा असे वाटले. तिसऱ्या न्यायमूर्तींकडे प्रकरण गेले आणि शिक्षा कायम झाली.

राज्यघटना लागू झाल्यावर हा निकाल लागला असल्याने अपील दिल्लीला जाऊ शकले. आधी विशेष न्यायालयाच्या पद्धतीवरच हरकत घेतली गेली. खास विनियमाने नेमलेली ही न्यायालये आरोपीला नेहमीच्या खटल्यातले काही हक्क देत नाहीत, हे समानतेच्या विरुद्ध आहे, असा मुद्दा होता. तो टिकला नाही. मूळचा लातूरचा वकील आणि पुढे रझाकारांचा नेता झालेला कासिम रझवी यानेही आपल्या खटल्यात हाच मुद्दा नेला होता. १९५३ मध्ये बहुमताने तो फेटाळला गेला.

पण ५ ऑक्टोबर १९५३ च्या निकालात हबीब मोहम्मदची शिक्षा रद्द झाली, आणि कारण फार साधे होते. घटनेच्या वेळी त्याच्यासोबत एक वरिष्ठ पोलीस अधिकारी हजर होता. हुकूम दिला की नाही हे सर्वांत चांगले त्यालाच ठाऊक. फिर्याद पक्षाने त्याला साक्षीला बोलावलेच नाही. सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की घटनेचा उलगडा ज्याच्यावाचून होत नाही असा साक्षीदार फिर्याद पक्षाने उभा केला पाहिजे, मग तो काय बोलेल ते बोलो. आपल्या बाजूने बोलणार नाही या धास्तीने त्याला लपवता येत नाही.

गुर्तूरची घरे जळली नव्हती असे हा निकाल म्हणत नाही. माणसे मेली नव्हती असेही म्हणत नाही. तो एवढेच म्हणतो की या माणसाला फासावर चढवण्यापुरते सिद्ध झालेले नाही. इतिहास वाचताना या दोन गोष्टींची गल्लत होते. ‘सुटला’ म्हणजे ‘घडलेच नाही’ असा अर्थ लावला जातो. गावच्या आठवणीला आणि कोर्टाच्या निकालाला एकमेकांचे काम करायला लावू नये.

दुसरे : नलगोंड्याचे बारा

हे तिन्हींत सर्वांत गाजलेले. तेलंगण लढ्यातल्या बारा जणांना विशेष न्यायाधिकरणांनी ऑगस्ट १९४९ मध्ये फाशी सुनावली. सशस्त्र जमावाने गावातल्या माणसांना ठार केल्याचे हे खटले होते. त्या वेळी हैदराबादेत मेजर जनरल जे. एन. चौधरी यांचे लष्करी प्रशासन होते. हायकोर्टाने डिसेंबर १९४९ च्या मध्याला अपिले फेटाळली.

आता तारखा पाहा. डिसेंबर १९४९ चा मध्य आणि २६ जानेवारी १९५०. मध्ये जेमतेम सहा आठवडे. निजामाने नोव्हेंबर १९४९ मध्ये फर्मान काढून भारताची राज्यघटना हैदराबादला लागू होईल असे मान्य केले होते, पण ती लागू झाली २६ जानेवारीला. त्या दिवसापासून हैदराबादचे हायकोर्ट भारताच्या न्यायव्यवस्थेत आले आणि त्याच्यावर सर्वोच्च न्यायालय बसले. त्याआधी हैदराबादची स्वतःची ज्युडिशियल कमिटी होती, म्हणजे निजामाचे प्रिव्ही कौन्सिल म्हणा ना.

बारा जणांतर्फे सर्वोच्च न्यायालयात विशेष परवानगी मागितली गेली. इंग्लंडहून डी. एन. प्रिट हे नामवंत बॅरिस्टर त्यांची बाजू मांडायला आले. १४ डिसेंबर १९५० रोजी निकाल आला : या अपिलांना आमच्याकडे वाट नाही. ज्या दिवशी हायकोर्टाने निकाल दिला त्या दिवशी हैदराबाद भारताच्या राज्यक्षेत्रातले न्यायालय नव्हते आणि राज्यघटना मागच्या तारखेपासून लागू होत नाही.

मग दुसरा दरवाजा ठोठावला. मूलभूत हक्कांसाठीचा अनुच्छेद ३२. म्हणणे असे की आमच्यावरचा खटलाच खटला म्हणण्याजोगा नव्हता, फाशीचा आरोप असताना आम्हाला वकील मिळाला नाही. १६ मार्च १९५१ रोजी न्या. फझल अली यांनी निकाल लिहिला. त्याचा सारांश असा : न्यायालयाला अधिकारच नसेल तर त्याचा निकाल कुठेही आव्हान देऊन उडवता येतो. पण अधिकार असून कामकाजात चूक झाली असेल, वकील न देण्यासारखी गंभीर चूक असली तरी, तिची दुरुस्ती अपिलात व्हायची असते, देहोपस्थितीच्या अर्जात नव्हे.

कायद्याच्या दृष्टीने दोन्ही निकाल आपापल्या जागी तर्काला धरून आहेत. दोन्ही एकापुढे एक ठेवले की मात्र वाचणारा थबकतो. एका निकालाने सांगितले, अपील ऐकता येत नाही. दुसऱ्याने सांगितले, ही तक्रार अपिलात करायची असते. मध्ये बारा माणसे. त्यांच्या चुका-बरोबरचा विचार वरच्या न्यायालयात झालाच नाही, कारण निकाल सहा आठवडे लवकर लागला होता.

त्यांना फाशी झाली नाही. देशात आणि बाहेर मोठी मोहीम झाली आणि पुढे शिक्षा जन्मठेपेत बदलल्या गेल्या. पण हे काम सरकारच्या दयेने केले, न्यायालयाच्या निकालाने नव्हे. ज्याला आपण आज गृहीत धरतो तो हक्क, म्हणजे गरीब आरोपीला सरकारी खर्चाने वकील, तो पुढे हळूहळू आला. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत त्याची तरतूद झाली, १९७६ मध्ये अनुच्छेद ३९-अ आला, आणि १९७९ च्या हुसैनआरा खातून निकालाने त्याला बळ मिळाले. नलगोंड्याच्या त्या बारांची तक्रार जवळजवळ पंचवीस वर्षे आधीची.

तिसरे : पांडुरंग विरुद्ध हैदराबाद राज्य

हे प्रकरण राजकीय नाही. म्हणूनच कदाचित आपल्याकडे विसरले गेले. पण देशभरच्या कायदा महाविद्यालयांत ते आजही शिकवतात. इथे बंदूक नव्हती, कुऱ्हाडी आणि काठ्या होत्या. तरी जमावाचा प्रश्न तोच.

७ डिसेंबर १९५० ची दुपार. एक शेतकरी आपल्या मेहुणीला आणि गड्याला घेऊन शेतात गेला. मेहुणी मिरच्या तोडू लागली आणि तो नदीकडच्या दुसऱ्या शेतात गेला. तिकडून ओरडा ऐकू आला म्हणून ती धावली, तर पाचजण त्याला मारत होते. सेशन्स कोर्टाने पाचही जणांना फाशी दिली. हायकोर्टात इथेही मत फुटले. एका न्यायमूर्तींच्या मते पाचही दोषी, दुसऱ्यांच्या मते पाचही सुटायला हवेत. तिसऱ्या न्यायमूर्तींनी दोष कायम केला, तिघांची फाशी कायम ठेवली आणि दोघांना जन्मठेप दिली. फाशीचे तिघे, पांडुरंग, तुकिया आणि भिल्लिया, दिल्लीला गेले. गुन्हाच राज्यघटनेनंतरचा, त्यामुळे नलगोंड्याच्या बारांना जी वाट मिळाली नाही ती यांना मिळाली.

३ डिसेंबर १९५४ चा निकाल न्या. व्हिव्हियन बोस यांचा. बोस हे आधी नागपूर हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश होते. त्यांनी पहिल्यांदा आरोपपत्र पाहिले. पाच माणसे असूनही कलम १४९ लावलेले नव्हते, ३४ ही नव्हते. प्रत्येकावर स्वतंत्रपणे खुनाचा आरोप. मग १४९ चा आधार घेता येईना. समान इरादा पुराव्यातून दिसतो का? पाचजण एकाच वेळी मारत होते हे दिसत होते, पण ते आधी एकत्र जमले, बोलले, ठरवून आले, यापैकी काही पुराव्यात नव्हते. नुसते एकाच वेळी मारणे म्हणजे एकत्र ठरवून मारणे नव्हे, महबूब शाहच्या निकालातलाच तो फरक. मग उरले एकच : ज्याचा घाव त्याचा गुन्हा.

तुकिया आणि भिल्लिया यांच्या घावांचा खुनाशी संबंध लागत होता. त्यांचा खुनाचा दोष कायम राहिला. पांडुरंगाच्या घावाने मरण आले असे म्हणता येत नव्हते. त्याचा खुनाचा दोष काढून जबर दुखापतीचे कलम ३२६ लावले आणि दहा वर्षांची सक्तमजुरी दिली. उरलेल्या दोघांची फाशीही गेली. शिक्षेबद्दल हायकोर्टाच्या न्यायमूर्तींत मतभेद असेल तर सबळ कारणाशिवाय फाशी देऊ नये, हा संकेत बोस यांनी पाळला.

आरोपपत्रात एक आकडा लिहिला असता तर निकाल कदाचित वेगळा लागला असता. फौजदारी कामात कारकुनी चूक म्हणून काही नसते. माणूस फासाकडे चाललेला असतो तेव्हा कागदावरचा प्रत्येक आकडा त्याच्या मानेशी बांधलेला असतो.

वैरातल्या साक्षीचे काय?

सूडाच्या खटल्यात आणखी एक अडचण येते. पाहणारे कोण? मेलेल्याची बायको, भाऊ, त्याच्या गटाची माणसे. त्रयस्थ माणूस गावात पुढे येत नाही, कारण उद्या त्यालाही याच गावात राहायचे असते. मग शत्रुत्व असलेल्यांची साक्ष टाकून द्यायची का? १९६४ च्या मसलती प्रकरणात हा प्रश्न आला. उत्तर प्रदेशातल्या एका गावात दोन गटांचे वैर होते, आणि एका गटाच्या पाचजणांचा खून झाला होता. निकाल लिहिला सरन्यायाधीश पी. बी. गजेंद्रगडकर यांनी, म्हणजे आपल्या साताऱ्याचे. त्यांनी सांगितले की गटातली साक्ष जपून तोलावी, पण केवळ गटातली म्हणून फेकून देऊ नये. तसे केले तर अशा गावात न्यायच होणार नाही. मात्र जमावातली नावे धरताना निदान काही साक्षीदारांनी सुसंगतपणे नाव घेतलेले असावे. त्या प्रकरणात हायकोर्टाने चार साक्षीदारांची कसोटी लावली होती, आणि ती सर्वोच्च न्यायालयाला गैर वाटली नाही. वैरात खऱ्या मारेकऱ्यांबरोबर आणखी चार नावे घुसडण्याची सवय सगळ्यांनाच माहीत आहे. ही कसोटी त्यावरचा उपाय.

कागद वाचताना

आपल्या मंडळातल्या बऱ्याच घरांत मराठवाड्यातून, तेलंगणातून आलेले जुने कागद आहेत. त्यांत एखादा फैसला, जबाब किंवा वकीलपत्र सापडले तर तीन गोष्टी आधी पाहाव्यात.

एक, तारीख. हैदराबादच्या कागदांवर फसली सन असतो आणि तो साधारण ऑक्टोबरला बदलतो. ऑक्टोबर ते डिसेंबरच्या नोंदीत ५९० मिळवा, जानेवारी ते सप्टेंबरच्या नोंदीत ५९१. म्हणजे १३५८ फसली हे १९४८-४९ झाले. निकाल २६ जानेवारी १९५० च्या अलीकडचा की पलीकडचा, यावर पुढची वाट होती की नव्हती हे ठरते.

दोन, न्यायालय कोणते. नेहमीचे सेशन्स कोर्ट की विशेष न्यायाधिकरण? दुसरे असेल तर वकील होता का, साक्षीदारांची उलटतपासणी कोणी घेतली, हे शोधावे.

तीन, कलमे. एकाच माणसावर खुनाचा आरोप आहे की जमावाचा म्हणून आहे? नावांची यादी किती लांब आहे, आणि प्रत्येक नावासमोर काही कृत्य लिहिले आहे का?

ज्या नावासमोर काहीच लिहिलेले नसेल, त्या नावापाशी थोडे जास्त थांबावे. त्या घरी कधी चौकशी झाली असेल तर तीही लिहून ठेवावी. कोर्टाने जे सिद्ध झाले तेवढेच ठेवले. बाकीचे कोण मेले, कोण परागंदा झाले, कोणाची जमीन कोणाकडे गेली, हे गावातल्या म्हाताऱ्या माणसांकडेच उरले आहे, आणि तीही आता थोडीच राहिली आहेत.